वाचकांचे प्रश्न: संधिवाताचे पहिले बारा आठवडे

सांधेदुखीवरच्या पत्रांत एक वाक्य हमखास येते: ‘गोळी घेतली की बरे वाटते, मग एवढी घाई कशाला?’ या वेळी निवडलेली बहुतेक पत्रे याच वाक्याभोवती फिरतात. वयोमानाने गुडघे झिजतात त्याविषयीचे प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. इथे बोलायचे आहे ते शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते आणि आतून दाह सुरू होतो त्या आजारांबद्दल.

प्रश्न : माझे वय ३४. दोन महिन्यांपासून दोन्ही हातांच्या बोटांची मुळे आणि मनगटे सुजतात. सकाळी दीड तास मूठ वळत नाही. पेनकिलर घेतली की दिवस निघतो. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणून ‘संधिवात नाही, थोडी वाट पाहा’ असे सांगण्यात आले. वाट पाहू का?

उत्तर : पाहू नका. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे बोटांच्या मुळाशी सूज, दोन्ही हातांना सारखाच त्रास आणि सकाळचा दीड तासाचा आखडलेपणा, एका निगेटिव्ह रिपोर्टपेक्षा जास्त बोलतात. आरए फॅक्टर म्हणजे रक्तातले एक प्रतिपिंड, आणि रुमॅटॉइड संधिवाताच्या साधारण चारपैकी एका रुग्णात तो निगेटिव्हच असतो. उलट संधिवात नसलेल्या काही वयस्कर माणसांत किंवा हेपॅटायटिस सी झालेल्यांत तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त नेमकी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर निदान बरेच पक्के होते, पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे ठरत नाही. रक्तातला दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपीचेही तसेच. सुरुवातीला बऱ्याच रुग्णांत हे दोन्ही आकडे नॉर्मल असतात. शेवटी निदान होते ते सुजलेला सांधा बोटांनी चाचपून. बोटांच्या मुळांवर आडवे हलके दाबले आणि कळ आली तर संशय बळावतो. शंका उरलीच तर हाताची सोनोग्राफी करतात. साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही तेव्हाही सोनोग्राफीत सांध्याच्या आतल्या अस्तराची सूज आणि वाढलेला रक्तप्रवाह दिसतो.

आता घाई कशाची ते. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते, सायनोव्हियम. निरोगी सांध्यात ते जेमतेम एक-दोन पेशींच्या जाडीचे असते. रुमॅटॉइड संधिवातात तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी ठाण मांडतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखी रसायने सोडत राहतात. अस्तर जाड होते आणि कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, पसरते. त्याच रसायनांच्या इशाऱ्यावर हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि सांध्याच्या कडेला, जिथे हाडावर कूर्चेचे आवरण नसते, तिथे आधी खड्डे पडतात. हे पोखरणे पहिल्या दोन वर्षांत सर्वांत वेगाने चालते. पडलेला खड्डा औषधाने क्वचितच भरतो, आणि झिजलेली कूर्चा परत येत नाही.

पेनकिलर यातली एकच कडी अडवते, दुखणे आणि सूज आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनाची. त्यामुळे ठणका उतरतो आणि थोडी सूजही कमी होते. हाड पोखरणाऱ्या पेशींना मात्र तिचा अटकाव होत नाही. म्हणूनच ‘गोळीने बरे वाटते’ हे वाक्य धोक्याचे: तक्रार गप्प बसते, आजार चालूच राहतो.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या (युलार) शिफारशी याबाबत स्पष्ट आहेत. सूज सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांच्या आत रुग्ण संधिवाततज्ज्ञाकडे पोहोचावा आणि ३ महिन्यांच्या आत आजाराला रोखणारे औषध सुरू व्हावे. तुमचे ६ आठवडे उलटून गेले आहेत. दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरणारी सांधेसूज विषाणूतापानंतर येते खरी, पण दोन महिने टिकलेल्या सुजेला तो संशयाचा फायदा देऊ नये.

भेटीला जाताना तीन गोष्टी न्या. सुजलेल्या हातांचे सकाळी काढलेले फोटो, कारण दुपारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत सूज ओसरलेली असते. आठवडाभराची नोंद : आखडलेपणा किती मिनिटे टिकला, पेनकिलरच्या किती गोळ्या लागल्या. आणि आजवरचे सगळे रिपोर्ट. दरम्यान कोणी स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले तर शक्यतो तपासणीनंतरच घ्या. त्याने सूज झाकली जाते आणि निदान आणखी लांबते.

प्रश्न : पूर्वी डॉक्टर आधी सौम्य औषधे देत आणि जोरदार औषधे शेवटी राखून ठेवत. आता पहिल्याच भेटीत मोठे औषध लिहून देतात. हा बदल कशामुळे?

उत्तर : सौम्य औषधांनी वर्ष-दोन वर्षे काढायची आणि सांधे वाकडे व्हायला लागले की खरे औषध काढायचे, अशी ती जुनी पद्धत होती. औषध येईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असे. १९८८ मध्ये अमेरिकेत मेथोट्रेक्सेट या आजाराला रोखणाऱ्या औषधाला रुमॅटॉइड संधिवातासाठी मान्यता मिळाली आणि १९९०च्या दशकात हा क्रम उलटा झाला.

पण नुसते लवकर सुरू करून भागत नाही, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लासगोच्या टायकोरा अभ्यासाने दाखवले. सुमारे ११० रुग्ण होते. एका गटाची दर महिन्याला सूज मोजून, ती ठरलेल्या आकड्याखाली येईपर्यंत औषध वाढवत नेले. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. १८ महिन्यांनी पहिल्या गटातले ६५ टक्के आणि दुसऱ्यातले १६ टक्के रुग्ण आजाराच्या शांत अवस्थेत होते. लक्षात घेण्यासारखे हे की पहिल्या गटाला कोणतेही नवे महागडे औषध दिले नव्हते. सल्फासॅलॅझिन, मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सुजलेल्या सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन, मुख्यतः अशा जुन्या औषधांवरच काम चालले. फरक पडला तो मोजण्याने आणि मोजल्यावर लगेच औषध बदलण्याने.

मोजायचे कसे हे रुग्णालाही समजावे, म्हणून सीडीएआयचे, म्हणजे आजार किती जागा आहे हे सांगणाऱ्या आकड्याचे, गणित देतो. त्यात २८ सांधे तपासतात : दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन गुडघे, बोटांच्या मुळांचे १० आणि बोटांमधले १०. दाबल्यावर दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाने आपल्या त्रासाला दिलेले ० ते १० गुण आणि डॉक्टरांनी दिलेले ० ते १० गुण, या चारांची बेरीज करायची. ६ दुखरे, ४ सुजलेले, तुमचे ५ आणि डॉक्टरांचे ४ गुण असतील तर बेरीज १९. २२ च्या वर आजार तीव्र, १० च्या वर ते २२ पर्यंत मध्यम, १० किंवा कमी म्हणजे सौम्य, आणि २.८ किंवा त्याखाली शांत. आजार जागा असेल तेव्हा दर १ ते ३ महिन्यांनी ही बेरीज व्हायला हवी. ३ महिन्यांत ठळक सुधारणा नाही, किंवा ६ महिन्यांत लक्ष्य गाठले नाही, तर औषध वाढवायचे किंवा बदलायचे. ‘आहे तेच चालू ठेवा’ असे तीनदा लिहिलेली फाइल आणि तरीही सुजलेली मनगटे, हे दृश्य अजून फार दिसते.

या २८ सांध्यांत पावले धरलेली नाहीत. तुमची सूज पायाच्या बोटांच्या मुळाशी असेल तर आकडा छान येईल आणि आजार चालूच राहील. चपला-मोजे काढून पावले दाखवा.

प्रश्न : मला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम लिहून दिले आहे. हे कॅन्सरचे औषध आहे असे वाचले. एक महिना घेऊनही फरक नाही. बंद करावे का?

उत्तर : कॅन्सरमध्ये हेच औषध काही वेळा ग्रॅमच्या हिशेबात शिरेतून देतात. संधिवातात आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम. या मात्रेत ते प्रतिकारशक्तीचा दाह शमवते. परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे महिन्याभरात निकाल लावू नका. १५ वर पुरेसा गुण नसेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने २० ते २५ पर्यंत नेतात. कमी मात्रेवर वर्ष काढून ‘मला लागू पडत नाही’ असे ठरवणे ही सर्रास होणारी गफलत आहे.

या औषधातली सर्वांत घातक चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेणे. असे झाले की अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या गराचे, काम बसते : पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, तोंडात फोड येतात, जंतुसंसर्ग होतो. यात माणसे दगावली आहेत. चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून घ्या, म्हणजे ‘दर रविवारी’ असे. नुसते ‘आठवड्यातून एकदा’ नको. गोळ्या २.५, ५, ७.५ आणि १० मिलिग्रॅमच्या येतात आणि दिसायला सारख्या असू शकतात. शक्यतो एकाच ताकदीची गोळी वापरा आणि प्रत्येक नव्या पाकिटावरचा आकडा वाचा. घरात गोळ्या दुसरे कोणी काढून देत असेल तर त्यांनाही हे माहीत हवे.

फॉलिक ॲसिड आठवड्याला किमान ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून. त्याने मळमळ आणि यकृतावरचा ताण कमी होतो. तरी मळमळ राहिली तर गोळ्या रात्री जेवणानंतर घेऊन पाहा. मात्रा १२ तासांच्या अंतराने दोन भागांत घेता येते, पण हे डॉक्टरांना विचारूनच, कारण इथेच ‘रोज’ची चूक घुसते. तेवढ्यानेही भागले नाही तर त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन आहे. ते पोटाला सोसते आणि मोठ्या मात्रेत गोळीपेक्षा चांगले शोषले जाते.

सुरू करण्यापूर्वी रक्तपेशींची मोजणी, यकृताची एन्झाइम्स, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, हेपॅटायटिस बी आणि सी, तसेच छातीचा एक्स-रे. नंतर पहिले ३ महिने दर २ ते ४ आठवड्यांनी पेशी, यकृत आणि क्रिएटिनिन. पुढे दर ८ ते १२ आठवड्यांनी. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. त्यामुळे जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले तर ते रक्तात साठते. अशा आठवड्यात डोस टाळून डॉक्टरांना कळवा. कोट्रायमोक्साझोल हे साधे वाटणारे अँटिबायोटिक याच्यासोबत घेऊ नये, दोन्ही मिळून अस्थिमज्जेवर मारा होतो. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेलात तरी आधी ‘मी मेथोट्रेक्सेटवर आहे’ हे सांगा.

ताप, तोंडात फोड, अंगावर विनाकारण निळे डाग, नवा कोरडा खोकला आणि धाप यांपैकी काही झाले तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी संपर्क साधा. दिवस चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येते. त्यापुढे तो आठवडा सोडून द्या, दुप्पट घेऊ नका. गर्भधारणेचा विचार असेल तर औषध आधीच बदलून घ्यावे लागते. गर्भावर याचा गंभीर परिणाम होतो. दारू शक्यतो नकोच. आणि सिगारेट असेल तर ती सोडणे हाही उपचारच आहे, कारण धूम्रपानाने आजार बळावतो आणि औषधांचा गुण कमी येतो.

प्रश्न : प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमने चार दिवसांत हात मोकळे झाले. आता पाच महिने मी तीच गोळी चालू ठेवली आहे, दुसरे औषध नको वाटते. चालेल ना?

उत्तर : चालणार नाही, पण आज एकदम बंदही करू नका. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आहे. ते तीन आठवड्यांहून जास्त घेतले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणे कमी करतात. मग गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची, आणि ५ मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर अधिकच सावकाश.

संधिवातात स्टिरॉइड हा पूल आहे. मेथोट्रेक्सेटला जोर धरायला ६ ते १२ आठवडे लागतात, तेवढ्या काळात दाह दाबून ठेवायचा आणि साधारण ३ महिन्यांत स्टिरॉइड काढून घ्यायचे. तुमच्याकडे पुढचे औषधच नाही. गोळी कमी करताच सूज उसळेल, मग तुम्ही ती पुन्हा वाढवाल, आणि या चक्रात हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग हे सगळे दारात उभे राहते. तज्ज्ञाकडे आधी मूळ औषध सुरू करा. साखर आणि रक्तदाब तपासा, हाडांची घनता पाहून घ्या, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाविषयी विचारा.

प्रश्न : आमच्या ७२ वर्षांच्या आजींचे कपाळाच्या बाजूला तीन आठवड्यांपासून डोके दुखते, केस विंचरताना टाळू हुळहुळते आणि जेवताना जबडा दुखून थांबावे लागते. ईएसआर ९०. पुढच्या महिन्यात तज्ज्ञांची वेळ मिळाली आहे.

उत्तर : पत्र आले त्याच दिवशी उत्तर कळवले आहे, इतरांसाठी इथे छापतो. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली अशी डोकेदुखी आणि चावताना जबड्याला येणारी कळ म्हणजे जायंट सेल आर्टेरायटिसचा, रक्तवाहिन्यांच्या दाहाचा संशय. डोळ्याला रक्त पुरवणारी वाहिनी बंद झाली तर दृष्टी काही तासांत जाते आणि बहुधा परत येत नाही. उपचार नसले तर काही दिवसांत ते दुसऱ्या डोळ्यालाही होऊ शकते. इथे आठवड्यांचा हिशेबच नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे आणि प्रेडनिसोलोन ४० ते ६० मिलिग्रॅम सुरू करून घ्यायचे. दृष्टीवर परिणाम झाला असेल तर शिरेतून. कानशिलाच्या रक्तवाहिनीचा तुकडा काढून तपासणे नंतर करता येते. गोळ्या सुरू झाल्यावर एक-दोन आठवडे तरी त्यात आजाराच्या खुणा सापडतात. तपासणीसाठी गोळी थांबवू नये.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा. कंबर दुखते, पहाटे तीन-चारला जाग येते, चालल्यावर बरे वाटते. एक्स-रे नॉर्मल. ‘बसून काम करतो म्हणून’ असे म्हणतात.

उत्तर : बैठ्या कामाची कंबरदुखी विश्रांतीने कमी होते. इथे उलटे आहे. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, उत्तररात्री उठवणारी आणि हालचालीने सैलावणारी कंबरदुखी म्हणजे मणक्याच्या दाहाचा विचार करायला हवा. एक्स-रेमध्ये बदल दिसायला काही वर्षे लागू शकतात. माकडहाडाजवळच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय हाडातली सूज बरीच आधी दाखवतो. एचएलए-बी२७ ही जनुकीय खूण पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. ती असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. लक्षणांशी जोडूनच तिला अर्थ येतो.

या आजारात दाहशामक पेनकिलर गोळ्यांचे स्थान वेगळे आहे. इथे त्या पहिल्या पायरीचा उपचार आहेत : पूर्ण मात्रेत २ ते ४ आठवडे, गुण नसेल तर दुसऱ्या प्रकारची गोळी तितकेच दिवस. पोट, मूत्रपिंडे आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवून. मेथोट्रेक्सेट मणक्याला लागू पडत नाही, त्यामुळे पुढची पायरी थेट बायोलॉजिक औषधांची, म्हणजे दाहाची ठरावीक रसायने अडवणाऱ्या इंजेक्शनांची; त्याआधी छुप्या क्षयरोगाची तपासणी अनिवार्य. पाठ ताठ ठेवण्याचे आणि छाती फुगवण्याचे व्यायाम रोज. डोळा लाल होऊन दुखला आणि उजेड सहन झाला नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीचा एक गुडघा दोन महिने सुजला आहे, पण ती दुखते म्हणत नाही. सांधा ठीक होत असताना डोळ्यांची तपासणी कशाला?

उत्तर : लहान मुलांच्या संधिवातात, विशेषतः एएनए ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल तर, डोळ्याच्या आत दाह होतो आणि तो पूर्ण मुका असतो. डोळा लाल होत नाही, मूल तक्रार करत नाही. कळते तेव्हा दृष्टी कमी झालेली असते. स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, जोखीम जास्त असेल तर दर ३ महिन्यांनी तपासावे, गुडघा बरा झाला तरीही.

प्रश्न : मला ल्युपस आहे, आता काहीच त्रास नाही. दर वेळी लघवी तपासायला का सांगतात?

उत्तर : ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती मूत्रपिंडांवरही उलटू शकते, आणि मूत्रपिंडाचा दाह दुखत नाही म्हणून. लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ०.५ च्या वर गेले तर बायोप्सीचा विचार करावा लागतो. फेसाळ लघवी किंवा पायावर सूज दिसण्याची वाट पाहू नका. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध, बरे वाटले तरी, सोडायचे नाही. मात्रा वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत : ५५ किलोला सरासरी २७५ मिलिग्रॅमपर्यंत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या वर्षात एकदा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडे कमजोर असतील तर त्याआधीपासूनच.

प्रश्न : रुमॅटॉइड संधिवात आहे. वर्षभर एकही सांधा सुजलेला नाही, पण सगळी औषधे चालू आहेत. कधी बंद होतील? आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही उजवे मनगट दुखते ते का?

उत्तर : आधी मनगट. दाह थांबल्यावरही दुखण्याची दोन कारणे नेहमी आढळतात : आधीच झालेली झीज, किंवा दाहाशी संबंध नसलेली दुखण्याची वाढलेली संवेदना, जिच्यासोबत झोप मोडते आणि थकवा राहतो. सोनोग्राफीत अस्तर शांत दिसले तर औषध वाढवून उपयोग नाही. मनगटाला आधार देणारा पट्टा, व्यायाम आणि झोप यांकडे वळावे लागते. अस्तर सुजलेले दिसले तर रक्ताचे आकडे काहीही असोत, आजार अजून तिथे आहे.

औषधे उतरवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी स्टिरॉइड पूर्ण बंद. त्यानंतर किमान ६ महिने आजार शांत राहिला तर बायोलॉजिक किंवा जॅक प्रकारचे (दाहाचा संदेश पेशीच्या आत अडवणाऱ्या गोळीचे) औषध असल्यास त्याची मात्रा कमी करायची किंवा दोन डोसांमधले अंतर वाढवायचे. मेथोट्रेक्सेट सर्वांत शेवटी, आणि तेही आठवड्याला २.५ ते ५ मिलिग्रॅम उतरवून दोन-तीन महिने थांबत. सगळी औषधे पूर्ण सुटणारे रुग्ण थोडेच असतात. उपचार लवकर सुरू झालेल्यांत आणि अँटी-सीसीपी निगेटिव्ह असलेल्यांत ते प्रमाण जास्त. एकदम बंद केल्यावर आजार उसळणे फार सामान्य आहे. उसळी आली तर ज्या मात्रेवर आजार शांत होता तिथे लगेच परत जायचे. बहुतेकांचा तो पुन्हा आटोक्यात येतो. मात्रा उतरवण्याच्या काळात सकाळचा आखडलेपणा मिनिटांत लिहून ठेवा, आणि तपासणीच्या दिवशी पेनकिलर घेतली असेल तर तसे डॉक्टरांना सांगा.